ओबेड स्निडचा पुरावा

आर्डिसने कागद तिसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदाही त्यात डुक्करच निघालं.

कागद शेरीफच्या कचेरीतून आला होता. जुन्या वहीतल्या एका ओळीची नक्कल, खाली शिक्का. ‘ओबेड स्निड. ९ मार्च १८११. डुक्कर एक, चोरीचे. अकरा दिवस कोठडी.’ ओबेड म्हणजे आर्डिसच्या आईच्या आजोबांचे आजोबा.

“मग मिळाला की!” तिचा नवरा डेल टोस्टला लोणी फासत म्हणाला. “चार वर्षं हाच तर शोधत होतीस.”

“डेल, त्यानं डुक्कर चोरलंय.”

“अकरा साली चोरलंय ना? मग झालं तर. वीस साली चोरलं असतं तर लाज वाटली असती.”

जिल्हा वंशावळ मंडळाचा नियमच तसा होता. आपला पूर्वज १८१५च्या आधी या जिल्ह्यात होता असं कागदावर दाखवा आणि ‘आद्य कुटुंब’ व्हा. मग ऑक्टोबरातल्या वार्षिक भोजनाला तुमच्या नावाची खुर्ची लागते. आर्डिसची आई त्या भोजनाला तीस वर्षं गेली होती. स्वयंपाकघरात, बटाटे कुस्करायला. “आपणही यांच्याइतकेच जुने,” असं ती एप्रन सोडताना दर वर्षी म्हणायची, आणि भांडी पुसणाऱ्या बायका दर वर्षी “हो गं, हो” म्हणायच्या. आई गेली. ते वाक्य आर्डिसकडे राहिलं.

पण वाक्याला कागद लागतो, आणि कागद जळले होते. १८४१ साली जिल्ह्याच्या लाकडी कोर्टाला आग लागली. जमिनी, कर, लग्नं, मृत्युपत्रं, सगळं गेलं. ओहायोत पूर्वज शोधणाऱ्यांचं निम्मं बोलणं अशा आगींबद्दलच असतं. आर्डिसने मंडळाच्या कपाटातली सगळी कार्डं उलटली. तीन चर्चांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या वाचल्या. गवतात गुडघे टेकून थडग्यांवरचं शेवाळ मऊ ब्रशनं काढलं. ओबेडने जन्मभरात काही केल्याची खूण कुठेच नव्हती. शेवटी तिनं शेरीफला पत्र टाकलं, तेही घरात एक तिकीट उरलं होतं म्हणून.

गुरुवारी चार वाजता अर्जाला पुरावा जोडायची मुदत संपत होती. आर्डिस साडेतीनला वाचनालयामागच्या मंडळाच्या खोलीत गेली. अर्ज मागे घ्यायचा, हे ठरवूनच गेली होती. आईला लोक बटाटेवाली म्हणून ओळखत होते, ते बरं होतं. मेल्यानंतर तिला डुक्करचोराच्या घरची कशाला करायची?

नोंदणीच्या खुर्चीत विल्हॉइटबाई बसल्या होत्या. बावीस वर्षं त्याच बसत होत्या. मागे एकाने घरचं बायबल पुरावा म्हणून आणलं होतं, त्यात चार पिढ्यांचे जन्म लिहिलेले. बाईंनी ते मिटून परत दिलं. चारही पिढ्या एकाच शाईत, एकाच दुपारी जन्मल्या होत्या.

“अर्ज मागे घेतेय,” आर्डिस म्हणाली. “पुरावा नाही मिळाला.”

“मग हातात काय आहे?”

“हे? हे काही नाही.”

“काही नाहीला शेरीफचा शिक्का कसा?”

आर्डिसला खोटं बोलायची सवय नव्हती. तिनं कागद दिला. बाईंनी चष्मा बदलला. सावकाश वाचलं. मग शाईची डबी उघडली, शिक्का दाबला आणि अर्जावर ठोकला. मंजूर.

“विल्हॉइटबाई! अहो, चोर होता तो!”

“दिसतंय. तारीख अगदी स्वच्छ लागलीय.”

“पण आद्य कुटुंबांत? तिथे बँकवाले आहेत, पाद्रीसाहेब आहेत. ते काय म्हणतील?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. अर्ज नामंजूर करताना पाहायच्या तसंच, पण जरा मायेनं.

“आर्डिस, कोर्टाबरोबर काय काय जळलं?”

“सगळंच. जमिनी, कर, लग्नं...”

“म्हणजे नीट वागणाऱ्यांचे सगळे कागद. बरोबर? मग आमची एकेचाळीस कुटुंबं मंजूर झाली ती कशावर?”

आर्डिसने टेबलावरच्या शेरीफच्या कागदाकडे पाहिलं.

“तुरुंग दगडी होता, बाळ.”

बाईंनी गळ्यातल्या किल्लीनं खालचा खण उघडला. त्यात शेरीफच्या त्या वहीची झेरॉक्स होती, दोरीनं शिवलेली, कोपरे हाताळून मऊ झालेले. कपाटात या वहीचं कार्ड नव्हतं. आद्य कुटुंबांत आलेल्या प्रत्येकाला ती माहीत होती आणि बाहेरच्या कोणाला सांगायची कोणाला हौस नव्हती.

आर्डिसने पानं उलटली. बँकवाल्यांचे मूळ पुरुष: खोट्या नोटा. दाताच्या डॉक्टरांचे: दारू पिऊन मारामारी, दुसऱ्याचे दात तीन. पाद्रीसाहेबांचे: बायका दोन, एकाच वेळी. सगळ्या तारखा १८१५च्या आत. तिला आधी हसू आलं, मग डोळे पुसावे लागले, मग परत हसू आलं. आई खरंच बोलत होती. यांच्याइतकेच जुने, आणि अगदी यांच्यासारखेच.

“आणि तुमचे?” तिनं धिटाईनं विचारलं. आता काय, एकाच वहीतल्या होत्या दोघी.

विल्हॉइटबाईंनी वही तिच्या हातून काढून घेतली, खण बंद केला आणि पाठ ताठ केली.

“घोडा,” त्या म्हणाल्या. “डुकरांची माणसं आम्ही शेवटच्या टेबलावर बसवतो.”