निळा पूल

साहेब, एका म्हाताऱ्याचा जीव तुमच्या निळ्या रंगाने घेतलाय.

त्याची लेक गंजावर संशोधन करणारी. नदीवरच्या पादचारी पुलाच्या लोखंडाला तारा जोडून, त्यातल्या इवल्याशा विजेवरून तिने दोन वर्षं गंजाचा वेग मोजला. पूल आतून पोखरलाय, बंद करा, असं तिने तुम्हाला तीनदा लिहून दिलं. तुम्ही ढिम्म. बापाने मात्र लेकीचा शब्द खाली पडू दिला नाही. रोज लांबचा वळसा घालून तो तिच्याकडे जेवायला यायचा आणि दारात चपला काढता काढता कुरकुरायचा, "तुझ्या त्या गंजापायी माझे गुडघे गंजले गं बाई!"

मग तुम्ही त्याच गंजावर झकास निळा रंग फासलात. आठव्या दिवशी भरदुपारी पूल कोसळला आणि म्हातारा त्याच्यासोबत नदीत गेला.

"इतकं बजावलं होतं, तरी बाबा पुलावर गेलेच कशाला?" हा एकच प्रश्न तिला कुरतडत राहिला. चार दिवसांनी तिने फोन उघडला. त्या दुपारी ती जेवायला घरी परतण्याआधी प्रयोगशाळेत असताना बाबांनी बोलून ठेवलेला निरोप तसाच पडून होता.

"पोरी, ऐकलं गं त्यांनी तुझं शेवटी! पूल नवाकोरा केलाय. आज तुझ्या पुलावरून येतो, ताट वाढून ठेव."



बोला साहेब, काय ऐकलं होतंत तुम्ही तिचं?