चोरखिसा

उजवा, डावा, छातीचा आणि शेवटी चोरखिसा. दान आलेल्या प्रत्येक कोटाचे खिसे बाई याच क्रमाने तपासत आणि तपासताना पुटपुटतही. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं माणूस कोटालाही शिकवतं, असं समोर मशीनवर बसणारे शिंपीमास्तर म्हणत. अर्थात, बाई चहाला गेल्यावर.

दुकान जुन्या कपड्यांचं. लोक कपडे देत, मास्तर ते नीट करत आणि विक्रीचे पैसे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासाला आणि त्या आजारावरच्या संशोधनाला जात. बाईंचे यजमान त्याच निवासात वारले. शेवटचं वर्षभर ते बायकोला 'ताई' म्हणत होते. त्यानंतर बाई इथे बिनपगारी काम करू लागल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी नियम घातला: देणाऱ्याची चिठ्ठी कॉलरला आतून टाचायची आणि ती सगळ्यात शेवटी वाचायची. ओळखीचं नाव आधी दिसलं की फाटकं कापडही धडकं वाटू लागतं.

राखाडी कोटाच्या उजव्या खिशात काही नव्हतं. डाव्यात हात गेला आणि तिथेच राहिला. अस्तरावर दोऱ्याने टाकलेले आकडे बोटांना लागले. बाईंनी खिसा बाहेर उलटला. लाल दोरा, घरचा फोन नंबर. यजमान वाट चुकायला लागले तेव्हा बाईंनी स्वतः टाकलेला. जागा पुरली नाही म्हणून शेवटचा आकडा कोपऱ्यात कोंबला होता, तोही तसाच.

बाईंनी कोट टेबलावर पसरला.

"मास्तर, हा कोट कोणी आणला?"

मास्तरांनी मशीन थांबवलं, पण मान वर केली नाही. "सकाळच्या पिशवीत होता, बाई."

"माझ्या कपाटातला आहे हा."

त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला. "अगं, मी घराबाहेर पडायचीच वाट बघत होतीस का? ह्यांचा कोट मला न विचारता देऊन टाकलास? एका कोटाची एवढी अडचण होत होती तुला?"

पलीकडून सून म्हणाली, "चुकलं माझं, आई. येताना घेऊन या तुम्ही."

बाईंनी फोन ठेवला. सून गुणाची होती, म्हणून जास्तच लागलं. परक्याने केलं असतं तर चार शब्द सुनावून त्या मोकळ्या झाल्या असत्या.

कोटाची घडी घालताना कॉलरची टाचणी बोटाला टोचली. चिठ्ठी. आता पुराव्यालाच हवी होती. बाईंनी चष्मा पुसला आणि ती उलगडली.

अक्षर वळणदार होतं, फळ्यावर असावं तसं. देणाऱ्याच्या जागी बाईंचंच नाव होतं. तारीख कालची. खाली एक ओळ: 'ह्यांच्यासारख्या कुणाच्या तरी कामी येऊ दे.'

बाईंनी कालचा दिवस आठवून पाहिला. दुपारी वीज गेली होती, ते आठवलं. दूध नासलं होतं, तेही आठवलं. कपाट उघडल्याचं आठवेना. कोटाला हात लावल्याचं आठवेना. हा आजार त्यांनी पाच वर्षं आपल्याच घरात रोज पाहिला होता. तो पाहुण्यासारखा दारावर टकटक करून येत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"मास्तर, कितव्यांदा हे?"

मास्तरांनी सुईत आधीच ओवलेला दोरा पुन्हा ओवायला घेतला. "राहू द्या ना, बाई."

"मी विचारलं, कितव्यांदा."

"तिसऱ्यांदा. पिशवी तुम्हीच आणता."

"आणि सुनेला फोन?"

"तिन्ही वेळा केलात." मास्तरांनी सुई खाली ठेवली. "तुम्हाला काही सांगू नका म्हणाल्यात त्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे नेणार आहेत. तोवर बोलणी खाईन म्हणाल्या."

कोट द्यायचं कालच्या बाईंनी ठरवलं होतं. आजच्या बाईंना तो देववेना. तो आज घरी जाणार, कपाटात टांगला जाणार आणि एखाद्या दिवशी पुन्हा या टेबलावर येणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. कोट आला तर येवो. सुनेला पुन्हा ते ऐकायला लागता कामा नये.

त्यांनी दुकानाची एक कोरी चिठ्ठी ओढली आणि ठळक लिहिलं: 'कोट मीच दिला. सुनेला बोलू नये.'

ठेवायची कुठे? पर्समध्ये ठेवली तर हरवेल. घरी ठेवली तर जागा विसरेल. डोकं काहीही विसरो, खिसे तपासायचा क्रम हात विसरणार नाही. बाईंनी कोटाचं अस्तर उलटलं, चोरखिशाचं बटण काढलं आणि चिठ्ठी आत सरकवली.

ती जाईना. आत आधीच काहीतरी होतं.

त्यांनी दोन बोटांनी ते बाहेर काढलं. दुकानाच्याच दोन चिठ्ठ्या, चार घड्या घातलेल्या. बाईंनी एक उलगडली, मग दुसरी. दोन्हींवर तेच वळणदार अक्षर आणि तीच दोन वाक्यं होती. दुसरीत 'सुनेला' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मशीन बंदच होतं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

बाईंनी डोळे पुसले. मग तिसरी चिठ्ठी घडी करून पहिल्या, उजव्या खिशात ठेवली.