दादाचा आकडा

"माझ्या माउसला हात कोणी लावला?"

ठिणगी ओरडली. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. खेळातही ती ठिणगी आणि घरातही ठिणगीच. का, ते आत्ता शेजाऱ्यांनीही सांगितलं असतं. तासाभरात निवड चाचणी होती. बंदुकांच्या खेळातला शहरातला सगळ्यात तगडा संघ आणि त्यात एकच जागा रिकामी. मागच्या दोन्ही वेळा ती थोडक्यात हुकली होती. ही शेवटची संधी, असं कप्तानाने तोंडावर सांगितलं होतं. आणि सरावाला बसते तर काय, हात नेहमीएवढा हलवला तरी पडद्यावरचा नेम निम्म्या वाटेतच पेंगतोय!

तिने सेटिंग उघडलं. सेन्सिटिव्हिटीचा आकडा कुणीतरी निम्म्यावर आणून ठेवला होता. हात जरासा हलला की नेम किती पळायचा, ते हा आकडा ठरवतो. बाकीचे खेळाडू तो शोधण्यात महिनेच्या महिने घालवतात. ठिणगीला शोधावा लागलाच नव्हता. तिच्याकडे दादाचा आकडा होता.

"मी लावला," दादा दारातून म्हणाला. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून नुकताच आला होता, बोटांना अजून ग्रीस होतं. "काल मागे उभा राहून तुझा खेळ बघितला. म्हणून सकाळी बदलला."

"विचारायची काही पद्धत?"

"विचारलं असतं तर बदलू दिला असतास?"

"मुळीच नाही!"

"मग झालं तर."

ठिणगीचं डोकं फिरलं. या आकड्याला हात? अहो, एकेकाळी गेमिंग कॅफेत दादा बसला की त्याच्या खुर्चीमागे पोरांची झुंबड उडायची. उजवं कोपर बरगडीला चिकटलेलं, हलायचं ते फक्त मनगट, आणि नेम गर्रकन फिरून बरोब्बर कपाळावर. पोरांनी ती बैठकच उचलली. कोपर चिकटवून बसतो तो पट्टीचा खेळाडू, असं कॅफेत ठरूनच गेलं. ठिणगीने तर बैठकही उचलली आणि आकडाही. पुढे मोठ्या स्पर्धेची फायनल दादा हरला. वाईट हरला. त्यानंतर त्याने माउस हातात धरला नाही.

तिने दात-ओठ खात जुना आकडा परत टाकला आणि सराव सुरू केला. लांबच्या गच्चीवर शत्रू दिसला. तिने हात फिरवला, आणि नेम त्याच्या अंगावरून सरकत भिंतीवर जाऊन आदळला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. तिने माउस टेबलावर आपटला.

"बघितलंस? ऐन वेळी डोकं तापवलंस माझं! तुझ्यामुळे चुकतोय नेम!"

"माझ्यामुळेच चुकतोय," दादा म्हणाला. "पण आजच नाही, रोज चुकतो. लांबचा नेम आला की पुढेच जातो. माझाही जायचा."

"गप्प बस! याच आकड्यावर तू फायनलला गेलास."

"आणि याच आकड्यावर हरलो. अगं, तो आकडा मी शोधलेला नव्हताच. घरात टेबल एकच. त्याच्या अर्ध्यावर आईची शिलाई मशीन. मला उरायची वीतभर जागा. कोपर जरा बाहेर गेलं की आई ओरडलीच, कोपर आवर, सुई मोडेल! तेवढ्या जागेत नेम पुरा फिरावा, म्हणून आकडा वाढवत वाढवत तिथवर नेला. फायनलला भलंमोठं टेबल होतं माझ्यापुढे. तरी मी कोपर चिकटवूनच बसलो."

ठिणगीने खाली पाहिलं. टेबल तेच होतं. मशीन कधीच आईच्या दुकानात गेली होती. तरी पडदा, कीबोर्ड, माउस, सगळं एका कडेला अंग चोरून होतं. उरलेल्या टेबलावर तिने कधी साधा कपसुद्धा ठेवला नव्हता. पुसायचीसुद्धा ती फक्त आपल्या वितीपुरतं.

तिला आता दुप्पट राग आला. "मग इतकी वर्षं मूग गिळून बसलास? माझ्या दोन चाचण्या गेल्या तरी?"

"मला काल कळलं गं, बये!" दादा पहिल्यांदाच ओरडला. "तुला मागून बघितलं तेव्हा कळलं! स्वतःला मागून कोण बघतं?"

त्याचा आवाज चिरकला.

दारात आई उभी होती. दुकान बंद करून आलेली, गळ्यात टेप तसाच. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा इतका उतरला की दादाने मान फिरवली. ती तरातरा आत आली, दोन्ही हातांनी पडदा धरून टेबलाच्या मध्यावर ओढला, कीबोर्ड ढकलला आणि ठिणगीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

ठिणगीने आकडा स्वतःच्या हाताने निम्म्यावर आणला. चाचणीची वेळ झाली तसा कानात कप्तानाचा आवाज आला, "तयार?" सामना सुरू झाला. पहिलाच शत्रू लांबच्या जिन्यावर दिसला, आणि तिचं कोपर सवयीने बरगडीकडे ओढलं गेलं.

मागून आई ओरडली, अगदी त्याच जुन्या आवाजात, "कोपर पसर!"