सात ते दहा लिफ्ट बंद

दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट थांबली आणि आतला दिवा गेला. सात वाजले असणार, हे केळुसकरांच्या तेव्हा लक्षात आलं.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून नियम त्यांनीच केला होता. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी एकदम सुरू झाले की लोड वाढून अख्ख्या भागाची वीज जायची, म्हणून सात ते दहा लिफ्ट बंद. ‘कोणी कितीही ओरडलं तरी चालू करायची नाही,’ असं वॉचमनला बजावलंही होतं.

मोबाईलला रेंज नव्हती. दार बडवून त्यांचे हात दुखले, शर्ट घामानं पाठीला चिकटला. तेवढ्यात जिन्यावरून कोणीतरी धापा टाकत वर येताना ऐकू आलं.

“कोण आहे?”

“मी, आठव्या मजल्यावरची नाडगौडा.”

गुडघ्यांसाठी सवलत मागायला आलेल्या याच काकूंना त्यांनी ‘नियम सगळ्यांना सारखा’ म्हणून परत पाठवलं होतं.

“काकू, जरा खाली जाऊन वॉचमनला सांगता का?”

बाहेर भाजीची पिशवी टेकवल्याचा आवाज आला.

“सांगते की,” काकू दम खात म्हणाल्या. “पण मग मी वर येताना लिफ्ट चालू असेल ना?”