भिंतीतली वायर

ऋषिराजनं वायरच्या तुकड्याखाली लाइटर पेटवला. तुकडा काळा पडला, पण पेटला नाही. हॉलमध्ये जमलेल्या पालकांनी माना डोलावल्या.

"हीच वायर अख्ख्या होस्टेलच्या भिंतींत आहे," तो म्हणाला. "मालक म्हणून सांगतो, आगीला दाद देत नाही. परवाची आग सोनियाच्या इलेक्ट्रिक किटलीनं लागली. तिनं आजच खोली रिकामी करावी."

बनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परीक्षा तोंडावर आली होती, आणि तिच्या लेकीला विश्रामबागच्या या होस्टेलातून बखोट धरून बाहेर काढत होते. वर आग लावल्याचा ठपका! किटली कपाटात होती, धूर खोलीतल्या विजेच्या बोर्डातून आला, हे सोनिया सांगून सांगून थकली होती. ऐकायला सवड कुणाला होती? जतकडच्या मेंढपाळाची पोर, तिला विजेतलं काय कळणार! आणि हे बाकीचे पालक तरी कसले? वीतभर तुकडा जळाला नाही, तेवढ्यावर यांचा जीव भांड्यात पडला.

बनाबाईचा जन्म मेंढरांमागं गेला होता. बाजारात विकणारा नेहमी एक धष्टपुष्ट मेंढरू पुढं करतो. बनाबाई त्याच्याकडं ढुंकूनही बघत नसे. सरळ कळपात शिरायची आणि हवं ते स्वतःच्या हातानं चाचपून घ्यायची.

ती उठली. "सायेब, त्यो लाइटर द्या बगू."

"या, मावशी, तुम्हीही बघा," म्हणत ऋषिराजनं हसून लाइटर दिला. तुकडाही पुढं केला.

तुकडा तिनं घेतलाच नाही. ती भिंतीकडं गेली. आगीनंतर तपासायला उघडलेला हॉलमधला बोर्ड तिथं तसाच लोंबत होता; वीज तेव्हापासून बंदच होती. तिनं आतली वायर बाहेर ओढली आणि लाइटर पेटवला.

"मावशी, ते काय करताय?"

"आवं, हीच वायर हाय न्हवं? मग बगू की, पेटतीय का."

ऋषिराज धावत आला. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वेड लागलंय का तुम्हाला? विझवा ते! वर पोरी आहेत, सगळं पेटेल!"