खांद्याला टेकवायची घंटा

बेकरीवाला पाय मुरगळून घरी बसला आणि कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या घंटा पोरक्या झाल्या. हातघंटांच्या वृंदात हीच तर गोची असते. एकेकाच्या वाट्याला दोनच स्वर. माणूस आला नाही की त्याचे स्वरही येत नाहीत, आणि गाणं दात पडलेल्या तोंडासारखं होतं.

वृंद बसवणाऱ्या बाईंनी नवऱ्याला फोन केला. अडीअडचणीला तो याआधीही वाजवून गेला होता. धाकट्याला शेजारणीच्या हवाली करून तो आला, पांढरे हातमोजे चढवले आणि जाड गादी अंथरलेल्या टेबलापाशी थोरल्या लेकीच्या शेजारी उभा राहिला.

"बोला बाई," तो म्हणाला. वृंदात सगळे त्यांना बाईच म्हणत, अगदी थोरलीसुद्धा. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, कारण सकाळची डब्यांची कटकट अजून त्यांच्या डोक्यात होती.

स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवरचे सगळे डबे नवऱ्याने ओट्यावर आणून मांडले होते. ओट्याचा तो कोपरा बाईंचा. दुधावर एक डोळा ठेवून, धाकट्याची शाळेची गडबड निस्तरत, मधे मिळेल त्या वेळात त्या तिथेच स्वर जुळवत आल्या होत्या. उद्याची रचनाही तिथेच झाली होती. आता कागद टेकवायलाही जागा नव्हती. माझ्या कामाकडे तुझं लक्षच नसतं, असं त्यांनी नवऱ्याला फाडकन सुनावलं होतं.

बाईंचं स्वतःचं लक्ष मात्र दांडगं. त्या माणसं बघून रचना करत. शिंप्याचं मनगट हलकं, म्हणून धावते स्वर त्याला. दातांच्या डॉक्टरीणबाईंची मान आखडते, म्हणून त्यांना अधूनमधून उसंत. नवशिक्यांसाठी त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती, तिच्यात अख्खं प्रकरण याच विषयावर होतं. स्वर कानाने ऐका, पण माणूस खांद्यावरून ओळखा, असं त्यात त्यांनी ठासून सांगितलं होतं. छापण्याआधी ते प्रकरण नवऱ्यानेच तपासून दिलं होतं.

तालीम सुरू झाली. शेवटापर्यंत सगळं ठीक गेलं. शेवट म्हणजे बाईंचा जीव की प्राण. सगळ्या घंटा एकदम वाजायच्या आणि लगेच एकदम खांद्याला टेकायच्या. घंटा खांद्याला टेकली की नाद तिथल्या तिथे थांबतो. त्यानंतरची शांतता हा त्यांच्या मते खरा शेवट होता आणि तो जमेपर्यंत त्यांनी कितीतरी कागद फाडले होते.

सगळ्या घंटा थांबल्या. नवऱ्याची वाजत राहिली.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग त्याने ती खालच्या गादीवर टेकवून पाहिली, तर धप्प असा आवाज झाला आणि बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"घंटा टेकवायची आहे, मिरवायची नाही," त्या म्हणाल्या.

सगळे आपापल्या हातमोज्यांकडे बघू लागले. आणखी एकदा वाजलं. या वेळी बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, जसं त्या शिंप्याकडे पाहत, डॉक्टरीणबाईंकडे पाहत. त्याचा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. तो घंटेकडे खांदा झुकवत होता, मान वाकडी करून, ओठ आवळून. बाईंनी हात खाली घेतले.

"हात वर येत नाही?"

"येतो की. जरासा अडतो."

"कधीपासून?"

नवरा हातमोजा नीट करू लागला. उत्तर थोरलीने दिलं, मान वर न करता.

"डबे खाली आले त्याच्याही आधीपासून, आई. फळीपर्यंत हात पोचत नाही, म्हणून तर आले."

बाईंना लाज वाटली. ती नुसती आत वाटून थांबली नाही, सगळ्यांसमोर चेहऱ्यावर आली आणि त्यांनी ती लपवली नाही. मला का सांगितलं नाहीस, एवढंच त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तुझा शेवट जमत नव्हता ना," नवरा म्हणाला. "म्हटलं, तो जमला की सांगू."

शिंपी पुढे झाला. मोठ्या घंटा मी घेतो, बाई, असं त्याने सांगितलं, आणि त्याला ते जमलंही असतं. बाईंनी पेन्सिल काढली. मधले सगळे जड स्वर त्यांनी शिंप्याला दिले. शेवटच्या स्वरावर पेन्सिल थांबली. मग त्यांनी त्यापुढची शांतता खोडली.

"हा एक तुझ्याकडे राहू दे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कमरेपाशीच वाजव. टेकवू नकोस."

"मग थांबणार कशी?"

"थांबेल तिची ती."

पुन्हा शेवट आला. सगळ्या घंटा वाजल्या आणि एकदम खांद्यांना टेकल्या. मोठी तेवढी खालून वाजत राहिली. बाईंचे हात हवेतच होते. नाद पुरता विरेपर्यंत त्या नवऱ्याच्या खांद्याकडे बघत राहिल्या, आणि नादाला विरायला बराच वेळ लागला.