नाभीवरचा ठोका

सोमीने शुक्राला बसायला सांगितलं नाही. झरीला तिच्या भावाच्या अंगणात तो आपली सून शितल हिच्या मागे उभाच राहिला, हातात मुंबईच्या इस्पितळाची पिशवी धरून. सोमी मोहाची फुलं उन्हात पसरत राहिली.

शुक्रा तिचा धाकटा दीर. चार वर्षांपूर्वी, २०१४ साली, तो आडवा झाला की त्याच्या नाभीवर काहीतरी ठोके द्यायला लागलं. वर हात ठेवला तर हात हलायचा. भगताने तांदळाचे दाणे पाहिले, कुणीतरी करणी केलीय म्हणाला आणि सोमीचं नाव घेतलं. विधवा बाई, पाठीशी कोणी नाही. नाव घ्यायला सोपं. शुक्राने तिच्या घराची कौलं स्वतःच्या हाताने फोडली. सख्ख्या भावाचं घर, पण हात काही अडखळला नाही. मी काही केलं नाही, असं ती कैनाड गावात दारोदार सांगत फिरली. जिच्या हातावर गावातली निम्मी पोरं जन्मली, तिला बायांनी दारातही उभं केलं नाही. तेव्हापासून ती झरीला भावाच्या पडवीत राहत होती आणि देवाकडे एकच मागत होती, शुक्राला सुखाची झोप लागू नये.

शितल कैनाडची आशा कार्यकर्ती. सासऱ्याला मुंबईला तिनेच नेलं होतं. तिने पिशवीतली स्कॅनची फिल्म उन्हात धरून सोमीला दाखवली. पोटातली मोठी रक्तवाहिनी विडीने आणि वयाने फुगली होती. फुटली असती तर दवाखाना गाठेपर्यंतही माणूस राहिला नसता. डॉक्टरांनी पोट फाडलंच नाही. जांघेत दोन बारीक छेद घेतले, तिथून आत जाळीची नळी सरकवली आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. हे सगळं शितलने गावात घरोघर जाऊन सांगितलं होतं. लोक खजील झाले होते. सोमीच्या घरावर नवी कौलं घालून द्यायला तयार होते. तिने फक्त परत यायचं होतं.

शुक्रा खाली वाकला. "वहिनी, माझं चुकलं. तुझा काय दोष नव्हता. घरी चल."

हेच ऐकायला सोमी चार वर्षं जगली होती. ऐकलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता याला आजार होता. आजार बरा झाला, माफी मागून झाली, आजपासून हा निवांत घोरणार. तिची चार वर्षं कुठल्या फिल्मवर दिसत नव्हती.

तो फुगा डॉक्टरांनी काढला का, तिने शितलला विचारलं. शितलला खोटं बोलता येत नसे. काढत नाहीत, ती म्हणाली. तो आतच राहतो. रक्त नळीतून जातं, म्हणून गप्प पडलाय. कधीकधी बाजूने पुन्हा रक्त शिरतं, म्हणून दर वर्षी तपासायला जायचं, जन्मभर.

सोमीचे हात थांबले. तोंडावर आलेलं बोललं तर कैनाडचं घर कायमचं गेलं, हे तिला ठाऊक होतं. तिने पहिल्यांदाच शुक्राकडे नीट पाहिलं.

"भगत खोटं नाय बोलला, शुक्रा. ते मीच ठेवलंय. डॉक्टरनं नुसतं निजवलंय. उठवायचं कधी, ते मी बघीन."